एका सेकंदाचे पन्नास तुकडे

फोनवर बोलताना मोबाइलच्या वरच्या पट्टीकडे सहसा कुणी पाहत नाही. एकदा मुद्दाम पाहा. पट्टीवर ४जी दिसत असताना जळगावात, धुळ्यात, जिथे असाल तिथून साधा कॉल लावा आणि ४जीची खूण टिकते का ते बघा. काही फोनमध्ये रिंग वाजायच्या आतच ती जाते, तिच्या जागी २जी किंवा नुसतं ‘ई’ येतं, नेट बंद पडतं आणि फोन ठेवल्यावर खूण परत येते. काही फोनमध्ये मात्र ती जागची हलत नाही. बोलणं चालू असताना व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिकाही येऊन पडते. पहिल्या फोनमध्ये तुमचा आवाज जुन्या पद्धतीने गेला. दुसऱ्यात तो इंटरनेटच्या पद्धतीने गेला, तुम्ही कुठलंही अ‍ॅप उघडलेलं नसताना.

‘नेटवरून फोन’ म्हटलं की आपल्याला व्हॉट्सअ‍ॅप कॉल आठवतो आणि बाकीचा सगळा ‘साधा फोन’ असं आपण धरून चालतो. ही वाटणी आता खरी नाही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली तेव्हा त्या कंपनीकडे २जी-३जीचं जाळंच नव्हतं. होतं ते फक्त ४जी, आणि ४जीमध्ये जुन्या पद्धतीचा फोन बसवण्याची सोयच नसते. म्हणजे जिओच्या नंबरावरून झालेला पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक कॉल इंटरनेटच्या रीतीने, तुकड्यातुकड्यांनी गेला. २०१७ मध्ये बटणांचा जिओफोन आला. ‘आपल्याला ते नेट-बिट काही कळत नाही’ म्हणणारे यावल-शिरपूरकडचे किती तरी आप्पा आणि नाना तेव्हापासून रोज इंटरनेट प्रोटोकॉलवर बोलत आहेत.

मग प्रश्न असा उरतो. मोबाइल तोच, सिम तेच, टॉवरही तोच. सावद्याचा केळीवाला बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन लावतो तेव्हा आवाज तुटतो. तोच कॉल साध्या डायलरवरून लावला की स्वच्छ ऐकू येतो. दोन्ही वेळा आवाजाचे तुकडेच होतात आणि ते इंटरनेटच्याच पद्धतीने जातात. फरक पडतो तो कुठे? त्याच्या उत्तरासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

लाइन लागायची तेव्हा

एके काळी जळगावहून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या पायऱ्या, आणि पायरीगणिक पैसे वाढत. ऑपरेटर एका गावची तार दुसऱ्या गावच्या तारेला जोडून देई. मग एसटीडी आलं. भारतात त्याची सुरुवात १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान झाली, पण सामान्य खानदेशी माणसाला ते भेटलं ते ऐंशी-नव्वदच्या दशकांत, पिवळ्या पाटीच्या बूथवर. जळगाव ०२५७, धुळे ०२५६२, सुरत ०२६१, बऱ्हाणपूर ०७३२५ हे आकडे लोकांना तोंडपाठ असत. सुरतेत लिंबायत-उधन्याला कामाला गेलेल्या भावाशी बोलायला लोक रात्री उशिरा बूथवर जात, कारण तेव्हा दर पाव होई. काचेच्या खोलीत शिरलं की लक्ष बोलण्यावर कमी आणि पळणाऱ्या लाल आकड्यांवर जास्त.

पैसे सेकंदांवर आणि अंतरावर का मोजत? कारण फोन लागला की धुळ्यापासून सुरतेपर्यंतची एक अखंड वाट त्या दोघांच्या नावे राखीव होई. चाळीसगाव-धुळे ही ५६ किलोमीटरची एकेरी रेल्वे शाखा घ्या. एखाद्या टप्प्यात गाडी शिरली की ती बाहेर पडेपर्यंत तो टप्पा तिचा, डबे भरलेले असोत की रिकामे. जुना फोन तसाच होता. वहिनी पलीकडे रडत असल्या आणि इकडे कुणी काहीच बोलत नसलं, तरी वाट अडलेली आणि मीटर चालू. याउलट धुळ्याच्या वेशीवर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथे रस्ता कुणासाठी राखून ठेवलेला नसतो. ज्याला जिकडे जायचं तो तिकडे वळतो, गर्दी झाली तर थांबतो. इंटरनेट या चौफुलीसारखं चालतं. उपमा मात्र इथेच सोडून देऊ, कारण वाटेत ट्रकचे तुकडे होत नाहीत आणि आवाजाचे होतात.

आवाज कापायचा कसा

आवाजाचे आकडे करणं ही इंटरनेटची करामत आहे असा एक समज आहे. तसं नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने गावोगावच्या एक्स्चेंजांसाठी जी यंत्रं बनवली, त्यांतही आवाज आकड्यांतच चाले. त्यासाठीचं जागतिक मानक, जी.७११, १९७२ चं आहे. त्याची रीत अशी : मायक्रोफोनमधून येणारी आवाजाची लाट सेकंदाला ८,००० वेळा मोजायची आणि प्रत्येक मोजमापाला २५६ पायऱ्यांपैकी एक पायरी द्यायची. एका पायरीला ८ बिट. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट.

८,००० हा आकडा आला कुठून? जुन्या फोनने माणसाच्या आवाजातला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा न्यायचं ठरवलं होतं, आणि कुठलीही लाट नीट टिपायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावं लागतं. एवढ्या पट्ट्यात माणूस ओळखू येतो, बोलणं कळतं. पण ‘स’सारख्या घर्षणाच्या वर्णांचा बराचसा जोर ४,००० हर्ट्‌झच्या वर असतो, आणि तो छाटला जातो. बाजारभावाच्या बोलण्यात हे भोवतं. ‘सातशे’मधला ‘स’ पुसट झाला की कानाला ‘आठशे’ ऐकू येऊ शकतं. जुनी व्यापारी मंडळी फोनवर आकडा दोनदा, आणि दुसऱ्या वेळी फोड करून सांगत, ‘सातशे, म्हणजे सातावर दोन शून्यं’, त्यामागे हे विज्ञान होतं. आजच्या ४जी कॉलमध्ये सेकंदाला १६,००० वेळा मोजतात आणि सुमारे ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज नेतात. फोनवर ‘एचडी’ लिहून येतं ते हेच.

इथवर जुना डिजिटल फोन आणि इंटरनेटचा फोन बरोबरीने चालतात. फाटा फुटतो तो यापुढे. जुन्या फोनमध्ये ते आकडे राखीव वाटेने सलग वाहत जात. इंटरनेटच्या फोनमध्ये दर २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, एका पॅकेटमध्ये बांधतात आणि पाठवून देतात. मग पुढचं पॅकेट. ‘भाऊ’ हा शब्द बोलायला सेकंदाचा एक तृतीयांश लागला असं धरलं तर त्याची सोळा-सतरा पॅकेटं होतात.

जी.७११ च्या एका पॅकेटात आवाजाचे १६० बाइट असतात. शिवाय प्रत्येक पॅकेटावर पत्ता लागतोच : कुणाकडून, कुणाकडे, कितवं पॅकेट, कुठल्या क्षणाचा आवाज. या मजकुराचे ४० बाइट. असे २०० बाइट सेकंदाला ५० वेळा, म्हणजे एका दिशेला सेकंदाला ८० किलोबिट. आज हे किरकोळ वाटतं. पण १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हाच्या डायल-अप जोडणीत यातलं काहीच मावलं नसतं. गंमत म्हणजे त्याच वर्षी व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरच्या संगणकावरून बोलण्याचं सॉफ्टवेअर बाजारात आणलं होतं. कल्पना तर त्याहून जुनी. अमेरिकेत डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरून बोलणं पाठवून दाखवलं होतं.

अरुंद वाटेतून आवाज न्यायला आणखी एक युक्ती कामाला आली. माणसाचा आवाज म्हणजे गळ्यातली स्वरतंतूंची थरथर, आणि तिला तोंड, जीभ, नाक यांनी दिलेला आकार. मग सगळी लाट पाठवायची कशाला? थरथर किती, आकार कोणता, एवढंच कळवावं आणि पलीकडच्या यंत्राने त्यावरून आवाज पुन्हा घडवावा. १९९६ च्या जी.७२९ या पद्धतीने अशा रीतीने ६४ किलोबिटांचं काम ८ मध्ये आणलं. हे यंत्र माणसाच्या गळ्यासाठी बेतलेलं आहे, म्हणून बँकेचा फोन होल्डवर असताना वाजणारी सनई इतकी भेसूर लागते. सनईला गळा नाही. अहिराणी असो, लेवा बोली असो की गुजराती, त्याला भाषेशी देणंघेणं नाही. कारण गळा सगळ्यांचा एकच. बोलण्याची किती तरी अ‍ॅप्स आज ओपस ही २०१२ ची पद्धत वापरतात. ती बोलणं आणि संगीत दोन्ही सांभाळते आणि नेट पातळ झालं की चालू कॉलमध्येच आपली भूक कमी करते.

हरवलं चालेल, उशीर नको

आता या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन सोयी शेजारीशेजारी आहेत : व्हॉइस मेसेज आणि कॉल. एकाच कमकुवत रेंजमध्ये दोन्ही करून पाहा. व्हॉइस मेसेज घड्याळाचं चिन्ह दाखवत अडकतो, मग दोन मिनिटांनी जातो, पण पलीकडे पोचतो तेव्हा अक्षरन् अक्षर शाबूत असतो. कॉल लगेच लागतो आणि फाटका येतो. तुमचा आवाज दोन्हीकडे तोच, नेटही तेच. व्हॉइस मेसेजमध्ये वाटेत एखादं पॅकेट हरवलं तर ते पुन्हा मागवलं जातं आणि सगळी जमेपर्यंत वाट पाहिली जाते. कॉलमध्ये पुन्हा मागवायला वेळ नसतो. केळीचा भाव सांगताना ‘अठराशे’ शब्दातलं तिसरं पॅकेट ‘चालेल का?’ हे विचारून झाल्यावर पोचलं तर त्याचं करायचं काय? म्हणून उशिरा आलेलं पॅकेट सरळ फेकून देतात. कॉलच्या हिशेबात उशिरा आलेलं आणि हरवलेलं यांत फरक नाही.

पॅकेटं निघतात ठरावीक अंतराने, पोचतात मात्र कशीही : एक ३० मिलिसेकंदांत, पुढचं ७०, त्याच्या पुढचं ४०. ती जशी येतील तशी वाजवली तर बोलणं अडखळेल. म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये एक छोटा थांबा असतो. आलेली पॅकेटं तिथे थोडा वेळ धरून ठेवतात, क्रमाने लावतात आणि एका लयीत पुढे सोडतात. थांबा मोठा ठेवला तर आवाज सलग पण उशिरा. छोटा ठेवला तर लवकर पण तुटका. चांगली अ‍ॅप्स हा थांबा बोलणं चालू असतानाच कमीजास्त करत राहतात. एखादं पॅकेट आलंच नाही तर आधीच्या तुकड्याचा आवाज लांबवून ते भोक बुजवतात. २० मिलिसेकंदांचं भोक कुणाच्या लक्षातही येत नाही. सलग दहा पॅकेटं गेली की मात्र ‘अठराशे’तला ‘अठरा’ जातो आणि ‘शे’ तेवढा पोचतो. नेमका पैशाचा भाग गळतो.

उशीर किती चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला तर बोलणाऱ्यांना काही जाणवत नाही. ४०० च्या पुढे संभाषण कठीण होतं; दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात, मग ‘बोल, तू बोल’. जुन्या पिढीला हे परदेशी कॉलवरून ठाऊक आहे. जुन्नरजवळ आर्वीला १९७१ मध्ये विक्रम भू-केंद्र सुरू झालं. तिथून आवाज विषुववृत्तावरच्या, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जाई आणि तेवढाच खाली उतरे. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी ७२,००० किलोमीटरला पाव सेकंद. प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद शांतता. अमेरिकेतला मुलगा ‘हो’ म्हणायला इतका वेळ का घेतो, असं आईला वाटे, त्यात मुलाचा दोष नसे.

आज आवाज समुद्राखालच्या काचेच्या तारांतून जातो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर. जळगाव-मुंबई हे रेल्वेचं सुमारे ४२० किलोमीटर अंतर तो दोन मिलिसेकंदांत कापतो. कॅलिफोर्निया सरळ रेषेत १३,००० किलोमीटर धरलं तर कमीत कमी ६५. प्रत्यक्षात तार वळणावळणाने जाते, वाटेतली यंत्रं आपापला वेळ घेतात, म्हणून शंभराच्या पुढे. तरी दीडशेच्या आसपास निभतं. लांबच्या कॉलपेक्षा गल्लीतल्या कॉलमध्ये आवाज जास्त तुटतो असा अनुभव अनेकांना येतो तो यामुळेच. अंतर हा आता मोठा शत्रू राहिलेला नाही. घोटाळा बहुतेक वेळा शेवटच्या शे-दोनशे मीटरांत, टॉवर आणि मोबाइल किंवा राउटर आणि मोबाइल यांच्यामध्ये होतो.

आधी माणूस सापडला पाहिजे

आवाज पाठवण्याआधी पलीकडचा माणूस शोधावा लागतो, आणि ते काम आवाजाच्या वाटेपासून वेगळं ठेवलेलं आहे. त्यासाठी बहुतेक ठिकाणी सिप नावाची नियमावली वापरतात. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची, आज चालते ती २००२ ची. फोन चालू होताच तो आपल्या सेवेच्या सर्व्हरला कळवतो की हा नंबर आत्ता या पत्त्यावर आहे. कुणी तो नंबर फिरवला की सर्व्हर तिकडे निमंत्रण धाडतो. उत्तरं आकड्यांत येतात : १८० म्हणजे रिंग वाजते आहे, २०० म्हणजे उचलला, ४८६ म्हणजे दुसऱ्या कॉलवर आहे, ४०४ म्हणजे असा कुणी नाही. उचलताना दोन्ही फोन आवाज कुठल्या पद्धतीने बांधायचा ते आपसात ठरवतात. ठेवताना ‘बाय’ असा निरोप जातो. नियमावलीत खरोखर तोच शब्द आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची निरोपानिरोपी स्वतःची आहे, पण तत्त्व हेच. तिथे नंबर ही फक्त ओळख. तो ओटीपीने एकदा पडताळला की माणूस जगात कुठेही असो, सर्व्हरला नेटवरचा चालू पत्ता तेवढा पुरतो. म्हणून +८४ किंवा +६२ ने सुरू होणारा कॉल खरोखर व्हिएतनाम किंवा इंडोनेशियातूनच आला असेल असं नाही, आणि +९१ दिसला म्हणून माणूस भारतातच आहे असंही नाही. पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉलवर येऊन ‘डिजिटल अटक’ करणारे भामटे याच सोयीवर जगतात. कायद्यात अशी अटक नाही. फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं.

राखीव वाट कुणाला मिळते

आता सावद्याच्या प्रश्नाकडे येऊ.

४जीच्या टॉवरवर सगळी पॅकेटं एकाच हवेतून जातात, पण सगळ्यांना सारखी वागणूक मिळत नाही. मानकात पॅकेटांचे वर्ग ठरवले आहेत. साध्या डायलरवरून कॉल लागला की मोबाइल कंपनी त्या कॉलपुरती हवेत एक राखीव वाट उघडते. या वर्गाची अट अशी : शंभरात एखादं पॅकेट हरवलं तरी हरकत नाही, पण प्रत्येकाने मोबाइल आणि कंपनीचं जाळं यांच्यातला टप्पा १०० मिलिसेकंदांच्या आत ओलांडला पाहिजे. सर्वसाधारण नेटच्या वर्गाची अट बरोबर उलटी आहे : ३०० मिलिसेकंद लागले तरी चालतील, पण दहा लाखांत एकाहून अधिक पॅकेट हरवता कामा नये. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाज या दुसऱ्या वर्गातून जातो. टॉवरच्या लेखी तो आवाज नसतोच. तोही डेटा, आणि शेजारच्या पोराचं यूट्यूबही डेटा. संध्याकाळी सावद्याच्या टॉवरवर सगळा गाव क्रिकेट बघायला बसला की केळीवाल्याचं ‘अठराशे’ त्याच रांगेत उभं राहतं. डायलरवरून लावलेला कॉल मात्र रांगेबाहेरून पुढे निघून जातो.

शिवाय साध्या कॉलसाठी कंपनी आणखी एक काटकसर करते. ४जी कॉलमधल्या एका पॅकेटात आवाजाचे सुमारे ३२ बाइट असतात आणि वर पत्त्याचे ४०. मालापेक्षा बारदान जड! पण एका कॉलमधल्या सगळ्या पॅकेटांवर तोच पत्ता पुन्हा पुन्हा लिहायची गरज नसते. म्हणून हवेतल्या टप्प्यात ते ४० बाइट आकसून तीन-चार करतात. बाहेरच्या अ‍ॅपच्या कॉलला ही सवलत सहसा मिळत नाही.

यात कंपन्यांचा डाव शोधायची गरज नाही. राखीव वाट फुकट नसते, ती प्रत्येकाला दिली तर राखीव राहत नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलला दोन टोकांमध्ये कुलूप असतं, आतला आवाज कंपनीलाही ऐकता येत नाही. राखीव वाटेवरच्या साध्या कॉलला तसं कुलूप नसतं.

कायद्याची चाळण

यंत्र तयार होतं तेव्हा कायदा तयार नव्हता. भारतात इंटरनेटवरून फोन करायला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. विदेश संचार निगमची परदेशी कॉलवरची मक्तेदारी नेमकी आदल्या दिवशी संपली होती. पण परवानगी अर्धीच होती. जळगावच्या सायबर कॅफेतून न्यू जर्सीतल्या संगणकावर किंवा तिथल्या घरच्या फोनवर बोललेलं चाले; सुरतेतल्या काकांच्या लँडलाइनवर त्याच संगणकावरून बोललेलं चालत नसे. सातासमुद्रापार मोकळीक, तापीच्या खालच्या अंगाला बंदी. स्वस्त नेटवरून देशातले कॉल जाऊ लागले तर परवाना फी भरून एसटीडी चालवणाऱ्यांचं काय, ही त्यामागची चिंता. २००३ मध्ये आलेलं स्काइप भारतीय घरांत लोकप्रिय झालं ते मुख्यतः परदेशातल्या मुलांमुळे, त्यात या नियमाचाही वाटा आहे. ते ५ मे २०२५ रोजी बंद झालं.

अर्धवट बंदीतून चोरवाटा निघाल्या. सिम बॉक्स नावाच्या डब्यात ढीगभर सिमकार्डं खोचायची, परदेशातून आलेला कॉल नेटवरून त्या डब्यापर्यंत आणायचा आणि तिथून लोकल कॉल म्हणून पुढे सोडायचा. दुबईहून फोन आला आणि स्क्रीनवर अनोळखी भारतीय मोबाइल नंबर दिसला, तर बऱ्याचदा कारण हे असे. हा गुन्हा आहे आणि असे डबे देशभर पकडले गेले आहेत.

दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने वाट मोकळी केली : परवानाधारक कंपनी कुणाच्याही नेटवरून, स्वतःच्या नंबरासह, देशातल्या कुठल्याही फोनवर कॉल देऊ शकते. पुढच्याच महिन्यात बीएसएनएलने विंग्ज हे अ‍ॅप जाहीर केलं. सिमकार्ड नाही, नुसता दहा आकडी नंबर आणि अ‍ॅप. त्याचा गाजावाजा झाला तेवढा वापर दिसला नाही. तोवर कॉलचे दरच जवळजवळ मावळले होते.

लँडलाइनचं काय झालं

तांब्याच्या तारेची लँडलाइन एका बाबतीत बेजोड होती. तिला घरातली वीज लागत नसे. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून ४८ व्होल्टचा पुरवठा तारेतूनच येई. भारनियमनाच्या दिवसांत खानदेशातल्या खेड्यांत बारा-बारा तास वीज नसताना पंखे थांबत, पाण्याच्या मोटारी थांबत, फोन वाजत राही.

आता फायबर घेतल्यावर भिंतीवर एक पांढरा डबा बसतो आणि जुना फोन त्यालाच जोडून देतात. नंबर तोच, यंत्र तेच, म्हणून घरच्यांना वाटतं की काही बदललं नाही. बदललं ते डब्याच्या आत. तुमच्या आवाजाची पॅकेटं तिथेच होतात आणि नंबरची नोंदणी सिपने होते. वीज गेली की डबा बंद, आणि डबा बंद म्हणजे लँडलाइनही बंद. राउटरसाठी हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस मिळतो. घरात म्हातारं माणूस असेल तर तो घ्यावाच. डब्यावरचा ‘एलओएस’ दिवा लाल लुकलुकत असेल तर घरात काही उलटसुलट करत बसू नये, बाहेर कुठे तरी काचेची तार तुटली किंवा निसटली आहे. रस्त्याच्या चौपदरीकरणात जेसीबीने तार तोडणं हा आपल्याकडचा नेहमीचाच कार्यक्रम.

आणि एक. ११२ किंवा १०८ लावायचा तर मोबाइलच्या डायलरवरूनच लावावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून तो लागत नाही.

धाब्याच्या घरात

खानदेशातली धाब्याची घरं उन्हाळ्यात थंड राहतात ती जाड मातीच्या भिंतींमुळे आणि माळवदावरच्या मातीच्या थरामुळे. त्याच भिंती मोबाइलची रेंजही अडवतात. ओट्यावर तीन दांड्या, माजघरात ‘नो सर्व्हिस’. डिसेंबर २०१९ पासून भारतात वायफाय कॉलिंग सुरू झालं ते अशा घरांना वरदान आहे. सेटिंगमध्ये जाऊन ते एकदा चालू करायचं. वेगळं अ‍ॅप नाही, वेगळा नंबर नाही. माजघरातून डायलरने कॉल लावला की पॅकेटं वायफायने राउटरमध्ये, तिथून घरच्या ब्रॉडबँडवरून एका कुलूपबंद बोगद्यातून मोबाइल कंपनीच्या केंद्रात जातात आणि पुढे नेहमीच्या वाटेला लागतात. ब्रॉडबँड दुसऱ्याच कंपनीचं असलं तरी सहसा बिघडत नाही.

दिसायला हा साधा कॉल, पण त्याचा पहिला टप्पा मोकळ्या नेटवरून जातो, म्हणून त्याला राखीव वाट लागू होते ती केंद्रात पोचल्यावर. घरात कुणी मोठी फाइल चढवत असेल तर तुमचा आवाज पलीकडे तुटेल, आणि मोबाइल कंपनीला बोल लावून उपयोग होणार नाही. वायफायच कमजोर असेल, तर राउटरजवळ गेलात, किंवा राउटरमध्ये २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडलात, तर पुष्कळदा भागतं. भिंत मातीची असेल तर मात्र ५ गिगाहर्ट्‌झ पलीकडे जायला कुचराई करतो, तिथे २.४ च बरा.

बोलत बोलत माजघरातून ओट्यावर आलात तर कॉल वायफायवरून टॉवरवर उडी मारतो आणि सहसा कट होत नाही, कारण दोन्ही वाटा कंपनीच्या एकाच केंद्रात जाऊन मिळतात. त्यासाठी फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे ४जीवरून साधा कॉल नेण्याची सोय, चालू असावी लागते आणि ओट्यावर ४जी मिळावं लागतं. तिथे नुसतं २जी असेल तर कॉल तुटतो, पुन्हा लावावा लागतो.